वाढलेले पान

सरस्वतीपुरमच्या आतल्या एका रस्त्यावर म्हैसूरच्या मराठी मंडळींनी आपल्या वृद्धांसाठी एक घर चालवले होते. शिकवणीला निघालेल्या मुलांच्या सायकली आणि पेन्शनरांच्या छत्र्या यांखेरीज दुपारी त्या रस्त्यावर फारशी हालचाल नसे. दारावरच्या पाटीवर लांबलचक नाव होते. बोलताना सगळे त्याला नुसते 'निवास' म्हणत. त्या वर्षी तिथे चारच माणसे उरली होती. उरलेल्या खाटांवरच्या गाद्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या आणि त्या तशा ठेवण्याची तुंगाला सवय झाली होती.

तुंगा तिथली परिचारिका. एका मोठ्या इस्पितळात काही वर्षे काढून ती इथे आली, ती राहायला मागची खोली मिळत होती म्हणून. त्या खोलीखेरीज तिला जगात दुसरी खोली नव्हती. ती थोडे बोले, आणि जे बोले ते आधी मनात एकदा म्हणून पाहिल्यासारखे.

निवासातला दुपारच्या जेवणाचा थाट मात्र घरचा होता. जमिनीवर बसणे कुणालाच जमत नसल्यामुळे लांब बाकावर केळीची पाने मांडली जात आणि बाकाच्या एकाच बाजूला सगळे ओळीने बसत. टोकाला, भिंतीवरच्या विठ्ठलाच्या तसबिरीखाली, विठ्ठलराव. अर्ध्या शहराचे कोट शिवून थकलेली त्यांची बोटे रिकामपणीही मांडीवर टाके घालीत असत. त्यांच्या शेजारी नरसिंगराव, एके काळचे गणिताचे मास्तर. दोन्ही गुडघ्यांनी त्यांची साथ सोडली होती. मग अंबूताई. शेवटी वेदवतीबाई, ज्यांना साखरेचा आजार होता आणि गोडाची हौस त्याहून जुनी होती.

गोळ्या जेवणाच्या आधीच्या घोटाबरोबर घ्यायच्या. विठ्ठलरावांनी दुकान मोडले तेव्हा बटणांच्या डब्यांची पत्र्याची झाकणे जपून आणली होती. ती सारखी, वाटोळी आणि कडा मुडपलेली होती. पानांवर मीठ, चटणी, कोशिंबीर वाढून झाली की तुंगा प्रत्येक पानाच्या डाव्या टोकाशी एकेक झाकण ठेवी आणि ज्याची जागा त्याच्या गोळ्या त्यात घाली. झाकणांवर नावे नव्हती. नावांची गरजच नव्हती, कारण जागा ठरलेल्या होत्या आणि माणसे जागांना धरून होती. मग विठ्ठलराव डोळे मिटून श्लोक म्हणत, बाकीचे त्यांच्या मागून म्हणत, आणि श्लोकाच्या शेवटी चारही हात झाकणाकडे जात. कुणी आत पाहत नसे. तुंगाने ठेवलेली गोळी ही तीर्थासारखी, हातावर आली की तोंडात जायची.

श्रावणातल्या एका दुपारी पाचवे पान मांडले गेले. फत्तेसिंगराव नावाचे नवे गृहस्थ त्या दिवशी राहायला येणार होते. त्यांची औषधे अजून डॉक्टरांच्या नजरेखालून गेली नव्हती, म्हणून तुंगाने त्यांचे पान ओळीच्या शेवटी, वेदवतीबाईंच्या पलीकडे मांडले आणि त्याच्याशी झाकण ठेवले नाही. तिच्या परीने तिने काळजी घेतली होती.

इतक्यात ऑफिसातला फोन वाजला. निवासाचे सेक्रेटरी बिंदुमाधवराव बोलत होते.

"आले का ग ते? नीट बघ हं. मोठं घराणं आहे. दसऱ्याच्या वेळी राजवाड्यात मान असायचा त्यांचा."

"अजून नाही आले."

"आले की पहिली छाप चांगली पडायला पाहिजे."

तुंगा फोनवर 'हो' म्हणत असतानाच बाहेर रिक्षा थांबली. पुढे जे झाले ते तिने पाहिले नाही, पण नंतर तिला ते इतक्या वेळा सांगितले गेले की पाहिल्यासारखेच झाले. भाच्याच्या हाताचा आधार घेत, पांढऱ्या मिशांचे, ताठ फत्तेसिंगराव जेवणघराच्या दारात उभे राहिले. विठ्ठलरावांनी त्यांना ओळखले. त्यांच्या लग्नातला बंद गळ्याचा कोट विठ्ठलरावांनीच शिवला होता.

"अय्यो, सरदार! तुम्ही काय शेवटी बसणार? या, या, इकडं या." विठ्ठलराव उठले.

"नको हो, मी आजच आलेला."

"आजच आला म्हणून काय, वयानं मोठे ना तुम्ही? मी तुमच्या वर बसलो तर घास गिळंल का मला?"

वाढलेले पान उचलून दुसरीकडे नेत नाहीत. पानाची विटंबना होते. हलायची ती माणसे. फत्तेसिंगराव टोकाला बसले, आणि कुणी काही न सांगता बाकीचे चौघे एकेक जागा खाली सरकले: विठ्ठलराव नरसिंगरावांच्या पानावर, नरसिंगराव अंबूताईंच्या, अंबूताई वेदवतीबाईंच्या. वेदवतीबाई त्या शेवटच्या पानावर आल्या, ज्याच्याशी झाकणच नव्हते. सगळ्यांच्या तोंडावर, पाहुण्याला मान दिल्यावर येते ते समाधान होते. विठ्ठलरावांनी डोळे मिटले. श्लोक झाला. हात झाकणांकडे गेले. आपल्या पुढ्यातले झाकण पाहून, इथली हीच रीत असावी असे समजून, फत्तेसिंगरावांनीही गोळी घेतली.

तुंगा परतली तेव्हा भात वाढला जात होता. नवे गृहस्थ टोकाला बसलेले तिला दिसले. त्यांच्या पाठीमागे उशी नव्हती, ती आणायला ती आत गेली. उशी दिली, भाच्याकडून औषधांची पिशवी घेतली. तिचे डोळे सगळे पाहत होते, आणि त्या पाहण्याचा अर्थ मात्र अजून तिच्यापर्यंत पोचला नव्हता. तो पोचवला वेदवतीबाईंनी. शेवटी पायस वाढायला स्वयंपाकीण आली तेव्हा त्यांनी वाटी पुढे केली.

"पूर्ण भर ग."

"बाई, तुम्हाला नको ते," तुंगा म्हणाली.

"का नको? आज मला गोळीला सुट्टी दिलीस ना तूच? गोळी नाही म्हणजे साखर उतरली असणार. दे, दे."

तुंगाने ओळीकडे पाहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग झाकणांकडे. सगळी रिकामी, सगळी चकचकीत. अंबूताईंची जागा रिकामी होती. त्या केव्हाच उठल्या होत्या आणि मागच्या नळावर चूळ भरीत होत्या. चूळ टाकल्याचा आवाज आतपर्यंत ऐकू आला.

कुणाच्या पोटात काय गेले हे तिला क्षणात कळले. विठ्ठलरावांना नरसिंगरावांची गुडघ्यांची गोळी, नरसिंगरावांना अंबूताईंची रक्तवाढीची. त्याने फारसे बिघडणार नव्हते. फत्तेसिंगरावांना विठ्ठलरावांची रक्तदाबाची. त्यांना भाच्याच्या देखरेखीखाली निजवून ठेवावे लागणार होते. पण अंबूताईंना साखरेचा आजार नव्हता, आणि त्यांच्या पोटात वेदवतीबाईंची साखर उतरवणारी गोळी गेली होती.

तिने डॉक्टर चिदंबरांना फोन लावला. ते निवासात आठवड्याला येत. ते तिला रागे भरले नाहीत. त्यांचा आवाज मात्र सावकाश झाला.

"वजन किती म्हातारीचं? मूठभर. ती गोळी उद्यापर्यंत साखर खाली ओढत राहील. थोड्या थोड्या वेळानं गोड देत राहा, रात्री पण उठवून. ते जमणार नसेल तर आत्ताच इस्पितळात न्या, सलाईनमधून साखर देतील. घाम आला, हात कापायला लागले, की वाट बघू नका. वेदवतीबाईंना आणि त्या नव्या गृहस्थांना मी संध्याकाळी बघतो."

थोड्या थोड्या वेळाने गोड. कुणाही म्हाताऱ्या माणसाला हे औषध आवडले असते. पण अंबूताईंचे चातुर्मासात एकभुक्त असे. दुपारी एकदा जेवायचे. चूळ भरली की दुसऱ्या दुपारपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, फक्त पाणी आणि औषध. त्यांची मुलगी कावेरी लहानपणी बन्नूरला तापाने जायला टेकली होती. त्या वेळी त्यांनी हा नवस बोलला होता. कावेरी वाचली, मोठी झाली, बन्नूरलाच नांदत होती. तिला नातवंडे झाली होती. अंबूताईंच्या हिशेबात मात्र ते सगळे अजून त्या एका चुळीवर उभे होते.

बिंदुमाधवराव स्कूटरवरून आले ते घाम पुसतच. तुंगाने त्यांना ऑफिसात सगळे सांगितले. ते वाईट गृहस्थ नव्हते. निवासासाठी लोकांच्या पायऱ्या झिजवणारे तेच एक होते.

"इस्पितळ कशाला लगेच? साखरपाणी द्यायचं, एवढंच ना?"

"त्या घेणार नाहीत."

"साखरपाणी म्हणून कशाला देतेस? औषध म्हणून दे. औषधाला तिच्या व्रतात मुभा आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "तू दिलेलं ती बघते तरी का? हात पुढं करते आणि गिळते. म्हातारीचं व्रतही राहिलं, जीवही राहिला. इस्पितळात नेलं की ते विचारणार, कुणी दिली, कशी दिली. तू काय सांगणार? उद्या कोण आपल्या आईला इथं ठेवील? आणि तू कुठं जाशील, त्याचा विचार कर."

तुंगाने त्याचा विचार केला. मागची खोली तिच्या डोळ्यांपुढे आली. खिडकीतला तुळशीचा डबा, भिंतीवर दुपारी येणारी उन्हाची पट्टी. मग तिने ग्लुकोजचा डबा काढला, पेल्यात पाणी घेतले आणि ढवळले. पावडर विरघळली आणि पाणी पुन्हा पाण्यासारखे दिसू लागले.

अंबूताई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर बारीक दव धरले होते.

"ताई, औषध आणलंय."

"आत्ता कसलं ग?" असे म्हणत त्यांनी, डोळे मिटलेलेच ठेवून, हात पुढे केला.

तो हात तुंगाने शेकडो वेळा पाहिला होता. उथळ ओंजळ, सुईने टोचून टोचून खरबरीत झालेली तर्जनी. अंबूताईंचा वारलेला नवराही शिंपीच होता, आणि त्याच्या दुकानातल्या काजांची सगळी कामे त्यांनीच केली होती. त्या हातावर काय ठेवले जाईल याची त्याला जराही शंका नव्हती. तासाभरापूर्वी त्या झाकणात जे पडले होते तेही त्याने असेच उचलले होते. तुंगाला वाटले, एकदा झाली ती चूक. आता हा पेला दिला तर त्याला चूक सोडून दुसरा शब्द शोधावा लागेल.

तिने पेला खिडकीत ठेवला आणि खाटेच्या कडेला बसली. त्या खाटांवर ती कधी बसत नसे.

"ताई, यात साखर आहे. तुम्हाला आज वेदवतीबाईंची गोळी गेली. साखर उतरवणारी. तुम्ही जागा सरकलात, झाकणं तिथंच राहिली. मी नावं घालायला पाहिजे होती. मी समोर असायला पाहिजे होतं."

अंबूताईंनी डोळे उघडले.

"पांढरी होती," त्या म्हणाल्या. "माझी लाल असते."

"तुम्ही बघितलीत?"

"नजर गेली. मला वाटलं, तू बदलली असशील."

"मग विचारलं का नाहीत?"

"तुला काय विचारायचं?" त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या.

दारातून बिंदुमाधवराव डोकावले. "अंबूताई, औषधाला व्रत आड येत नाही. ही साखर औषधच आहे आज. घ्या बरं."

"साखर औषध असती तर त्या वेदवतीला का देत नाही तुम्ही? रोज मागते बिचारी."

"असा हट्ट करू नका."

"हट्ट नाही हो माधवा. इतकी वर्षं पाळलं. आज मी चमचाभर साखर खाल्ली आणि उद्या बन्नूरहून फोन आला, तर तुम्ही माझ्याशेजारी बसणार का?"

अंबूताईंचे बोट पांघरुणावर किंचित थरथरत होते. तुंगाने ते पाहिले, आणि तिने ते पाहिल्याचे अंबूताईंनीही पाहिले.

"न घेतलं तर काय होईल?"

"घाम वाढेल. मग शुद्ध जाईल. मग..." तुंगा थांबली. "परत येणार नाही कदाचित."

"दुसरा उपाय?"

"इस्पितळ. सुईतून, शिरेतून देतील."

"काय देतील?"

इथे 'औषध' म्हणणे फार सोपे होते. बिंदुमाधवराव दारातून तोच शब्द तिच्या तोंडात घालू पाहत होते.

"साखरच," तुंगा म्हणाली. "पाण्यात कालवलेली साखर."

अंबूताई खिडकीतल्या पेल्याकडे पाहत राहिल्या. बाहेर कुणाची तरी सायकलची घंटी वाजून गेली.

"जिभेला कळंल?"

"नाही."

"पोटात उतरंल?"

"नाही. रक्तात जाईल."

"मग चला," त्या पाय खाली सोडत म्हणाल्या. "मी बोलले होते ते तोंडानं खाण्याचं. रक्ताचं काही बोलले नव्हते." मग जरा थांबून, तुंगाच्या खांद्याचा आधार घेत, त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू मघाशी तसाच पेला दिला असतास तर मी प्याले असते बघ."

"माहीत आहे मला."

रिक्षातच त्यांची मान खांद्यावर कलली. लुगडे घामाने भिजले, बोलणे जड झाले. त्या कावेरीला हाक मारू लागल्या आणि तुंगाने त्या हाकेला ओ दिली. इस्पितळात तरुण डॉक्टरने बोट टोचून रक्त पाहिले, शीर शोधली आणि बाटली लावली. मग त्याने कन्नडमध्ये विचारले, हे झाले कसे?

"वय झालंय," बिंदुमाधवराव घाईने कन्नडमध्येच म्हणाले. "विसरायला होतं. शेजारणीची गोळी चुकून घेतली असेल."

असे लिहिले गेले असते तर त्याने कुणाचेच वरवर काही बिघडले नसते. फक्त एका म्हातारीच्या नावापुढे, तिला भान राहत नाही, असे पडले असते. मग ती जे काही म्हणेल ते त्या एका ओळीतून गाळून ऐकले गेले असते.

"त्या विसरल्या नाहीत," तुंगा म्हणाली. "त्यांच्या पुढ्यात होती ती त्यांनी घेतली. माणसं बदलली ते न बघता गोळ्या पानांपाशी सोडून गेले ती मी. परिचारिका आहे मी तिथली."

डॉक्टरने तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि लिहू लागला. बिंदुमाधवराव खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाटलीतून थेंब पडत होता, मग दुसरा. तुंगा त्या थेंबांकडे पाहत बसली. हळूहळू अंबूताईंच्या बोटांची थरथर कमी झाली, आणि सांज व्हायच्या सुमाराला त्या अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पाणी दे. नुसतं."

दुसऱ्या दुपारी कावेरी बन्नूरच्या बसने आली. तिला धाप लागली होती, पण ती धडधाकट होती. आईने तिला नखशिखान्त पाहून घेतले आणि मगच इस्पितळातला भात खाल्ला.

निवासाच्या मंडळाची बैठक झाली. बोलायचे ते बोलले गेले. तुंगाला काढले नाही. तिच्या जागी कोण येणार, या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हते, हेही त्याचे एक कारण असावे. तिला एक कडक पत्र मिळाले. ते तिने एकदा वाचून पेटीत ठेवले. बिंदुमाधवराव पुढे बरेच दिवस तिच्याशी कामापुरते बोलत. मग एकदा येताना तुळशीसाठी कुंडी घेऊन आले.

झाकणे विठ्ठलरावांनी परत घेतली. आता तुंगा गोळ्या हातात घेऊन ओळीमागून जाते, एकेकाचे नाव मोठ्याने घेते आणि त्याच्या हातावर गोळी ठेवून तो ती गिळेपर्यंत तिथेच उभी राहते. फत्तेसिंगराव शेवटच्या पानावर बसतात. विठ्ठलराव अजूनही रोज एकदा उठल्यासारखे करतात. फत्तेसिंगराव रोज हात जोडून मान हलवतात. ओळ सरकत नाही.

श्लोक आता गोळ्यांच्या नंतर होतो. त्यामुळे गोळी घेताना सगळ्यांचे डोळे उघडे असतात.

"वेदवतीबाई."

"माझी आज विसर ग, पुण्य लागंल तुला."

"घ्या."

"अंबूताई."

अंबूताई हात पुढे करतात. गोळी हातावर पडते, आणि हात तोंडाकडे न जाता खिडकीकडे वळतो. दोन बोटांत धरून, सुईत दोरा ओवताना धरावी तशी डोळ्यांजवळ नेऊन, त्या ती उजेडात पाहतात. पहिल्यांदा त्यांनी तसे केले त्या दिवशी सगळी ओळ थांबली होती. बाकीच्या गोळ्या हातात धरून तुंगा मागे उभी होती.

"लाल," अंबूताई म्हणाल्या.

"तुमचीच आहे."

"ते दिसलं मला." त्यांनी गोळी गिळली, पाणी प्याल्या, आणि मागे वळून न पाहता म्हणाल्या, "उद्या पण बघणार मी. राग मानू नको."

"बघा," तुंगा म्हणाली, आणि पुढच्या नावाकडे वळली.